एसटीएम३२ची सुरुवात: क्यूबआयडीईत पहिला प्रोजेक्ट आणि डीबगरशी ओळख

आर्डुइनोवर हात बसलेल्या माणसाची चूक शोधायची पद्धत ठरलेली असते. शंका आली तिथे सिरियल प्रिंटची ओळ टाकायची, पुन्हा अपलोड करायचं आणि काय उमटतं ते बघायचं. छोट्या कामाला एवढं पुरतं. पण प्रोग्रॅम मधेच अडकला, इंटरप्ट (चालू काम थांबवून चिपचं लक्ष वेधणारी सूचना) आलाच नाही किंवा पिन हलतच नाही, अशा वेळी प्रिंट काहीच सांगत नाही आणि आपण अंदाज बांधत बसतो. चालू चिप हव्या त्या ओळीवर थांबवून तिच्या पोटात डोकावता यावं, हे मोठ्या आयडीईकडे (कोड लिहिण्याच्या आणि तपासण्याच्या पूर्ण सॉफ्टवेअरकडे) वळण्याचं माझ्या मते सगळ्यात सबळ कारण. बाकी कारणं नंतर येतात. म्हणून या लेखात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स (थोडक्यात एसटी) कंपनीच्या एसटीएम३२ चिपवर, त्यांच्याच क्यूबआयडीई या आयडीईतून, एलईडी लुकलुकवण्याचं काम पटकन उरकू आणि डीबगरवर, म्हणजे चिपच्या पोटात डोकावायच्या त्या साधनावर, निवांत थांबू.

सी भाषेची जुजबी ओळख आहे, फंक्शन आणि व्हेरिएबल म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढं गृहीत धरलं आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. सगळी पाठ करायची गरज नाही. ‘एचएएल_’ (एसटीच्या तयार फंक्शनांच्या नावांची सुरुवात) एवढं टाइप करून कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबलं की आयडीई स्वतःच यादी पुढे करतं.

बोर्ड कुठला घ्यावा

न्यूक्लिओ-एफ४०१आरई घ्या. त्यावर कॉर्टेक्स-एम४ गाभ्याची, ८४ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारी चिप आहे, ५१२ केबी फ्लॅश आणि ९६ केबी रॅम आहे. शिकताना यातलं निम्मंही वापरून होत नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: बोर्डाच्या वरच्या भागात एसटी-लिंक नावाचा प्रोग्रॅमर आणि डीबगर आधीच बसवलेला असतो. एक यूएसबी केबल लावली की वीज, प्रोग्रॅमिंग, डीबगिंग आणि सिरियल पोर्ट ही चारही कामं त्याच केबलवर होतात. सॉकेट मिनी-यूएसबी आहे, आजच्या मोबाइलची केबल त्यात बसत नाही. जुन्या कॅमेऱ्याची केबल घरात सापडली तर ती आधी डेटा वाहते का ते पाहा. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर ‘ब्लू पिल’ नावाचा याहून बराच स्वस्त बोर्ड पुढे केला जाईल. तो वाईट नाही, पण पहिला बोर्ड म्हणून मी तो सुचवणार नाही. त्याला एसटी-लिंक वेगळा घ्यावा लागतो. शिवाय या स्वस्त बोर्डांवर कधी कधी मूळ एसटीऐवजी दुसऱ्याच कंपनीची मिळतीजुळती चिप बसवलेली असते. मग ही चिप एसटीची असल्याची खात्री होत नाही, असा संदेश देऊन क्यूबआयडीई जोडणीच तोडतं. नवख्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

सॉफ्टवेअर बसवणं

दोन गोष्टी लागतात. क्यूबएमएक्स हे पिना, चिपचा वेग ठरवणारं घड्याळ आणि पेरिफेरल (टायमर, सिरियल पोर्ट असे चिपमधले भाग) चित्रात मांडून त्यावरून सुरुवातीचा कोड तयार करून देणारं साधन. क्यूबआयडीई हे कोड लिहिण्याचं, कंपाइल करण्याचं आणि डीबग करण्याचं ठिकाण. क्यूबआयडीई एक्लिप्सवर बांधलेलं आहे, आत जीसीसी कंपायलर आणि जीडीबी डीबगर आहे. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने ते २०१९ मध्ये आणलं. दोन्ही फुकट आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. कुठल्या आवृत्तीत क्यूबएमएक्स आयडीईच्या आतच असतं, कुठल्या आवृत्तीत वेगळं घ्यावं लागतं. वेगळंच उतरवून घ्या, म्हणजे आवृत्ती कुठलीही असली तरी पुढचा रस्ता तोच राहतो.

प्रोजेक्टांसाठी फोल्डर निवडताना मात्र काळजी घ्या. सी ड्राइव्हवर थेट एक साधा, इंग्रजी नावाचा, स्पेस नसलेला फोल्डर करा. विंडोजवर आपलं युजरनेम मराठीत ठेवलेलं असेल किंवा नाव आणि आडनावाच्या मधे स्पेस असेल, तर डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेला प्रोजेक्ट कंपाइल होताना विचित्र एरर येऊ शकतात, आणि त्या एररमध्ये पाथचा उल्लेखही नसतो. आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरातही प्रोजेक्ट ठेवू नका. कंपाइल होताना शेकडो लहान फाइली तयार होतात, आणि सिंक करणारा प्रोग्रॅम त्या मधेच अडवून धरतो.

क्यूबएमएक्समध्ये मांडणी

क्यूबएमएक्स उघडा आणि चिपऐवजी बोर्ड निवडायचा पर्याय घ्या. शोधाच्या चौकटीत एफ४०१आरई टाइप करा, बोर्ड निवडून प्रोजेक्ट सुरू करा. सगळी पेरिफेरल मूळ मांडणीप्रमाणे लावू का, असं विचारलं की हो म्हणा. त्यापुढे बीएसपी (बोर्डासाठीची तयार फंक्शनं) किंवा तयार नमुना कोड घालू का, असं विचारलंच तर सध्या नको म्हणा. त्याने कोडची रचना बदलते आणि पुढच्या पायऱ्या जुळत नाहीत.

आता चिपचं ६४ पायांचं चित्र समोर येईल. त्यात तीन जागा शोधा. पीए५ वर हिरवा एलईडी आहे, त्याचं नाव एलडी२. पीसी१३ वर निळं बटण आहे, त्याचं नाव बी१. पीए२ आणि पीए३ या दोन पिना यूसार्ट२च्या, म्हणजे चिपमधल्या एका सिरियल पोर्टच्या. त्या एसटी-लिंकमार्गे कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला पोचतात. बाकीच्या पिनांकडे आज बघू नका.

डावीकडच्या यादीत सिस्टिमच्या खाली डीबग नावाचा पर्याय आहे. तिथे ‘सिरियल वायर’ निवडलेलं आहे ना, हे दर नव्या प्रोजेक्टला न चुकता पाहा. बोर्ड निवडून सुरुवात केली तर ते आपोआप येतं, पण पुढे कधी नुसती चिप निवडून प्रोजेक्ट केलात तर ते बंद असतं. मग पीए१३ आणि पीए१४ या डीबगच्या पिना दुसऱ्या कामाला लागू शकतात, आणि एकदा तसा प्रोग्रॅम चढला की एसटी-लिंकला चिप सापडेनाशी होते. तरीही चिप मेलेली नसते. डीबग कॉन्फिगरेशनमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडलं की एसटी-लिंक चिपला रीसेटमध्ये धरूनच जोडणी करतो आणि नवा प्रोग्रॅम चढवता येतो.

घड्याळाच्या टॅबवर जाऊन एचसीएलके (चिपच्या मुख्य घड्याळाचा वेग) समोर ८४ दिसतंय ना, तेवढं पाहून परत या. प्रोजेक्ट मॅनेजर टॅबवर प्रोजेक्टचं नाव द्या, मघाचा फोल्डर निवडा, टूलचेनच्या जागी क्यूबआयडीई निवडा आणि ‘जनरेट कोड’ दाबा. पहिल्या वेळी एफ४ मालिकेचं फर्मवेअर पॅकेज डाउनलोड होतं आणि त्यासाठी एसटीच्या खात्याने लॉगिन करावं लागू शकतं. पॅकेज बरंच मोठं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा किती उरलाय ते आधी बघा. काम झालं की ‘ओपन प्रोजेक्ट’ दाबून क्यूबआयडीईत शिरा.

आपला कोड कुठे लिहायचा

कोअरच्या आत सोर्स फोल्डरात मेन डॉट सी ही फाइल आहे. ती उघडली की ‘युजर कोड बिगिन’ आणि ‘युजर कोड एंड’ अशा कॉमेंटच्या जोड्या ठिकठिकाणी दिसतील. त्यांना शेताचा बांध समजा: आत पेरलेलं आपलं, बाहेरचं क्यूबएमएक्सचं. उद्या क्यूबएमएक्समध्ये एखादी पिन बदलून पुन्हा कोड जनरेट केला की बांधाबाहेर लिहिलेली प्रत्येक ओळ पुसली जाते. विचारणाही होत नाही.

सगळ्यात फसवी जागा व्हाइल लूपमध्ये आहे. लूप सुरू झाल्या झाल्या ‘युजर कोड एंड व्हाइल’ ही कॉमेंट येते, मग एक रिकामी ओळ, आणि मग ‘युजर कोड बिगिन ३’. हात साहजिकच त्या रिकाम्या ओळीकडे जातो, आणि ती नेमकी बांधाबाहेर आहे. कोड ‘बिगिन ३’ च्या खाली लिहा. तिथे दोन ओळी टाका: एचएएल_जीपीआयओ_टॉगलपिन, कंसात एलडी२_जीपीआयओ_पोर्ट आणि एलडी२_पिन, आणि खाली एचएएल_डिले, कंसात ५००.

कंट्रोल-बी दाबून बिल्ड करा. खाली कन्सोलमध्ये टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस अशा तीन रकान्यांत आकडे येतात. टेक्स्ट अधिक डेटा एवढी फ्लॅश लागते. डेटा अधिक बीएसएस एवढी रॅम, वर स्टॅकला जागा हवी ती वेगळीच. दर बिल्डनंतर या ओळीवर नजर टाकायची सवय लावून घ्या. कुठेतरी मोठा ॲरे धरला आणि रॅम संपत आली, हे पहिल्यांदा इथेच कळतं.

डीबगर

एफ११ दाबा. एसटी-लिंकचं फर्मवेअर जुनं असेल तर आधी ते अपडेट करायला सांगितलं जाईल, करून घ्या. डीबगच्या मांडणीत जाऊ का, असं विचारलं की हो म्हणा. प्रोग्रॅम चिपवर चढेल आणि मेनमधल्या पहिल्याच ओळीवर थांबेल. अनेकांना इथे वाटतं की काहीतरी अडकलं. काहीही अडकलेलं नसतं, आयडीई तुमची वाट बघत असतं. एफ८ दाबलं की प्रोग्रॅम धावतो आणि हिरवा एलईडी अर्ध्या सेकंदाने पेटतो-विझतो.

आता टॉगलपिनच्या ओळीवर डावीकडच्या पट्टीत डबल-क्लिक करा. ब्रेकपॉइंट लागेल आणि प्रोग्रॅम त्या ओळीपाशी येऊन थांबेल. एफ६ने एक ओळ पुढे जाता येतं, एफ५ने त्या फंक्शनच्या आत शिरता येतं. या चिपमध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहाच आहेत, वापरून झाले की काढत चला.

खरी गंमत एसएफआर नावाच्या खिडकीत आहे. चिपची रजिस्टरं, म्हणजे पिना आणि पेरिफेरल चालवणारे तिच्यातले कप्पे, इथे दिसतात. दिसत नसेल तर विंडो मेनूतून ‘शो व्ह्यू’ने आणा. तिथे जीपीआयओए उघडा, त्यात ओडीआर हे आउटपुटचं रजिस्टर आणि त्यातला ५ क्रमांकाचा बिट शोधा. टॉगलच्या ओळीवर थांबलेलं असताना तो शून्य असेल तर एलईडी विझलेला असतो. एफ६ दाबा. बिट एक होतो आणि समोर एलईडी पेटतो. आता कोडला हात न लावता खिडकीतच त्या बिटाची किंमत शून्य करा. एलईडी विझतो. इतके दिवस फंक्शनच्या नावामागे दडलेलं काम म्हणजे एका रजिस्टरातला एक बिट, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की चिपची भीती बरीच कमी होते.

तसंच जीपीआयओसीच्या आयडीआर या इनपुटच्या रजिस्टरातला १३ क्रमांकाचा बिट पाहा. बटण मोकळं असताना तो एक असतो. बटण दाबून धरा आणि एफ६ने एक ओळ पुढे जा, तो शून्य झालेला दिसेल. म्हणजे हे बटण उलटं आहे, दाबलं की शून्य. कोडमध्ये अट लिहिताना निम्म्या लोकांची गल्लत इथेच होते, आणि ती शोधायला प्रिंटची एकही ओळ लागली नाही.

आणखी एक रजिस्टर ओळखीचं करून ठेवा: आरसीसी या घड्याळं सांभाळणाऱ्या भागातलं एएचबी१ईएनआर. प्रत्येक पोर्टचं घड्याळ इथून चालू होतं. घड्याळ बंद असेल तर त्या पोर्टच्या रजिस्टरांत काहीही लिहा, टिकत नाही. क्यूबएमएक्स हे काम आपोआप करतं. पण एखादा पोर्ट अजिबात दाद देत नसेल, तर वायरिंग उचकटायच्या आधी हा बिट पाहावा.

प्रोग्रॅम धावत असतानाच एखादी किंमत बदलताना बघायची असेल तर ‘लाइव्ह एक्स्प्रेशन्स’ची खिडकी आहे. तिथे फक्त ग्लोबल व्हेरिएबल चालतात, फंक्शनच्या आतली नाहीत. शिकत असताना तपासायचं व्हेरिएबल तात्पुरतं ग्लोबल करायला हरकत नाही.

बटण आणि इंटरप्ट

एचएएल_डिले चालू असताना मुख्य लूप जागच्या जागी ताटकळतो. त्या अर्ध्या सेकंदात बटण दाबून सोडलं तर लूपला ते कळतच नाही. म्हणून बटणासाठी इंटरप्ट. मूळ मांडणीत पीसी१३ आधीच बाह्य इंटरप्ट म्हणून लावलेला असतो. क्यूबएमएक्समध्ये जीपीआयओच्या खाली एनव्हीआयसी (इंटरप्ट चालू-बंद करण्याच्या) टॅबवर १५ ते १० या लाइनच्या इंटरप्टसमोर टिक करा. हे राहिलं तर पिन कितीही हलली तरी चिप लक्ष देणार नाही. कोड पुन्हा जनरेट करा. मग मेन डॉट सीमध्ये ‘युजर कोड बिगिन ४’ च्या खाली एचएएल_जीपीआयओ_एक्स्टी_कॉलबॅक हे फंक्शन लिहा आणि त्यात फक्त एका फ्लॅगची, म्हणजे खूण म्हणून ठेवलेल्या व्हेरिएबलची, किंमत १ करा. बाकीचं काम मुख्य लूपने तो फ्लॅग बघून करावं.

फक्त फ्लॅगच का? कारण कॉलबॅकमध्ये एचएएल_डिले लिहिलं तर प्रोग्रॅम कायमचा लटकू शकतो. डिलेला सिस्टिकच्या (चिपमधल्या वेळ मोजणाऱ्या टायमरच्या) इंटरप्टवर मोजणी करावी लागते. बटणाच्या इंटरप्टची प्रायॉरिटी सिस्टिकएवढी किंवा त्याहून वरची असेल, तर सिस्टिकला शिरकावच मिळत नाही आणि मोजणी पुढे सरकत नाही. आणि तो फ्लॅग व्होलाटाइल म्हणून जाहीर करा, म्हणजे कंपायलर त्याची किंमत दर वेळी नव्याने वाचतो. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असल्यामुळे व्होलाटाइल नसतानाही सगळं नीट चालतं. रिलीज बिल्ड केलं की कंपायलर म्हणतो, लूपमध्ये ही किंमत कुणी बदलतच नाही, मग दर वेळी कशाला वाचू. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

प्रिंटेफ हवाच असेल तर

डीबगर आला म्हणून प्रिंट सोडायचं असं नाही. सेन्सरची नोंद तासभर बघत बसायची असेल तर प्रिंटच सोयीचा. त्यासाठी ‘आयओ_पुटचार’ या फंक्शनला (सुरुवातीला दोन अंडरस्कोर) आपला कोड द्यायचा, ज्यात एचएएल_यूएआर्ट_ट्रान्समिटने एक अक्षर यूसार्ट२वर जातं. पुट्टीसारख्या टर्मिनलवर १,१५,२०० बॉडने पोर्ट उघडा. अक्षरंच दिसत नसतील तर ओळीच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह दिलंय का पाहा. ते आल्याशिवाय मजकूर बफरमध्येच पडून राहतो. दशांश अपूर्णांक छापताना जागा रिकामी येत असेल, तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये एमसीयू सेटिंग्जखाली प्रिंटेफमध्ये फ्लोट वापरण्याची टिक आहे, ती चालू करा. थोडी फ्लॅश जास्त लागते.

बोर्ड सापडत नसेल तेव्हा

आधी केबल बदला. मग बोर्डावरचे जम्पर पाहा. सीएन२वरचे दोन्ही जम्पर जागेवर असले तरच एसटी-लिंक बोर्डावरच्या चिपशी जोडलेला असतो. ते काढले की तो बाहेरच्या चिपसाठी मोकळा होतो. जेपी६ हा जम्पर करंट मोजण्यासाठी आहे, तो निघाला तर चिपला वीजच मिळत नाही. मित्राकडून किंवा लॅबमधून आणलेल्या बोर्डावर हे हमखास हललेले असतात. लिनक्सवर असाल तर यूडेव्हचे (यूएसबी उपकरण वापरायची परवानगी देणारे) नियम बसवलेत का ते बघा.

जोडणी वाढवताना एवढं सांभाळा: ही चिप ३.३ व्होल्टची आहे. एका पिनमधून २५ मिलिअँपिअर ही अखेरची मर्यादा, रोजच्या वापराची नव्हे, आणि पीसी१३ तर जेमतेम ३ मिलिअँपिअर पेलते. रिले थेट पिनला लावू नका. मधे ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा डायोड लागतोच.

पुढचा प्रयोग

त्याच एलईडीवर पीडब्ल्यूएम करा, म्हणजे तो फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करा. पीए५ ही पिन टायमर २च्या पहिल्या चॅनलची आहे. क्यूबएमएक्समध्ये ती तशी लावा, टायमर २ला अंतर्गत घड्याळ द्या, प्रीस्केलर ८३ आणि काउंटर पिरियड ९९९ ठेवा (मोजणी शून्यापासून होते, म्हणून दोन्ही आकडे एकाने कमी). ८४ मेगाहर्ट्झला ८४ने आणि मग १,०००ने भागलं की एक किलोहर्ट्झ. टॉगलची जुनी ओळ काढून टाका, ‘युजर कोड बिगिन २’ खाली एचएएल_टिम_पीडब्ल्यूएम_स्टार्ट लिहा आणि डीबगरमध्ये चालवा. नंतर प्रोग्रॅम थांबवा आणि एसएफआरमध्ये टिम२चं (टायमर २चं) सीसीआर१ हे, एलईडी किती वेळ चालू राहील ते ठरवणारं रजिस्टर उघडून त्यात आधी ५०, मग ५००, मग १,००० टाका. प्रोसेसर थांबलेलाच आहे, तरी एलईडीचा उजेड प्रत्येक आकड्याबरोबर वाढत जातो, कारण टायमर हे स्वतंत्र यंत्र आहे आणि मूळ मांडणीत डीबगर त्याला थांबवत नाही.